ट्रकचा डेक आणि एकाच बॅटरीवरची वायर

धुळे येथे दोन मोठे महामार्ग एकमेकांना मिळतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जाणारा आणि दुसरा सुरतेकडून जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा. पूर्वी त्यांना क्रमांक ३ व क्रमांक ६ म्हणत असत. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. आता नागपूरकडचा रस्ता ५३ आणि इंदूरकडचा ५२ झाला आहे, पण ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी अजून ‘आग्रा रोड’ हेच नाव आहे. रावेर-यावलची केळी उत्तरेकडे नेणारे ट्रक, कापसाच्या गाठी, डाळी, लोखंड, भुसार, असा सर्व माल याच रस्त्यांवरून जातो. ट्रक म्हटला की टायर, पंक्चर, बॅटरी, वायरिंग आणि डेक ही पाच दुकाने त्याच्या मागोमाग येतात. यांपैकी बॅटरी, वायरिंग आणि डेक या कामांत खानदेशातील आमचे कितीतरी बांधव पिढीजात म्हणावे इतक्या वर्षांपासून आहेत. वडील रेडिओ मेकॅनिक, मुलगा टेप-डेक बसवणारा आणि नातू टच स्क्रीन व कॅमेरा बसवणारा, अशी घरे जळगावात आणि धुळ्यात आजही आहेत.

या पानावर आम्ही या धंद्याविषयी आधी लिहावयास हवे होते. आज लिहीत आहोत ते एका तक्रारीमुळे. एक ट्रकमालक आमच्याकडे आले होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या होत्या. त्यातली एक बसली आणि दुसरीचे पाणी वारंवार आटू लागले. बॅटरीवाल्याने दोष ड्रायव्हरला दिला, ड्रायव्हरने डायनॅमोला दिला आणि डायनॅमोवाल्याने बॅटरीला दिला. शेवटी एका जुन्या वायरमनने बॅटरीचे खोके उघडून पाहिले. डेकची लाल वायर दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून घेतलेली होती. सर्व रोग तेथे होता. ही वायर जोडणारा आपलाच एक कारागीर होता. त्याने हे काम फसवण्यासाठी केले नव्हते. उस्तादाने शिकवले तसेच त्याने केले होते.

ही चूक खानदेशातच होते असे नाही, पण महामार्गाच्या गावी ती रोज होते. म्हणून आजचा पाठ मुख्यतः तिच्याविषयी आहे.

चोवीस व्होल्ट आणि बारा व्होल्ट

कार, जीप आणि ट्रॅक्टर यांना १२ व्होल्टची एक बॅटरी असते. ट्रक आणि मोठ्या बसला २४ व्होल्ट लागतात. तेथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडतात. बाजारातले बहुतेक डेक आणि ॲम्प्लिफायर मात्र १२ व्होल्टचे असतात. जुन्या काळच्या ट्रक-डेकमध्ये आणि गावठी ॲम्प्लिफायरमध्ये ४४४० नावाची आयसी असे. ती कोणाला ठाऊक नाही? सान्यो कंपनीची ही आयसी १८ व्होल्टच्या वर चालवावयाची नसते. तिला २४ दिले की ती गेलीच. म्हणून कारागिरांनी सोपी वाट काढली. दोन बॅटऱ्यांच्या मधून वायर घ्यायची, म्हणजे आपोआप १२ व्होल्ट मिळतात. डेक वाजतो, गिऱ्हाईक खूश होते आणि पैसे हातात येतात.

मग बिघडते कोठे? समजा डेक आणि स्पीकर मिळून ५ अँपिअर घेतात. ड्रायव्हर रात्री ढाब्यावर थांबला आणि इंजिन बंद करून त्याने सहा तास डेक चालू ठेवला. ५ गुणिले ६ म्हणजे ३० अँपिअर-तास झाले. हे तीस अँपिअर-तास दोन बॅटऱ्यांतून गेले नाहीत, खालच्या एकाच बॅटरीतून गेले. वरची बॅटरी भरलेलीच राहिली. सकाळी इंजिन चालू झाले. डायनॅमो दोघींना मिळून सुमारे २८ व्होल्ट देतो. कोणती बॅटरी रिकामी आहे आणि कोणती भरलेली, हे त्याला कळत नाही. सिरीजमध्ये दोघींतून करंट सारखाच जातो. भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज लवकर वर चढते, १४.८ पर्यंतही जाते. मग रिकामीच्या वाट्याला उरतात १३.२, आणि तेवढ्यात ती कधीच पूर्ण भरत नाही. एक रोज उकळते आणि तिचे पाणी उडते. दुसरी रोज अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर धरतो. काही महिन्यांत दोन्ही जातात, आणि दोन्ही वेगवेगळ्या आजाराने जातात. त्यामुळे खरे कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. आपल्याकडे त्याला ‘रिड्यूसर’ही म्हणतात. तो दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून, म्हणजे पूर्ण २४ व्होल्टवरून करंट घेतो, त्यामुळे भार दोघींवर समान पडतो. मात्र कन्व्हर्टरचे दोन प्रकार आहेत आणि फरक हातात धरताच कळतो. जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टरवाला रिड्यूसर जादा व्होल्टेज उष्णतेत जाळतो. २८ मधून १३ काढायचे तर १५ व्होल्ट जाळावे लागतात. ५ अँपिअरला ती ७५ वॅटची उष्णता झाली. सोल्डरिंगच्या मोठ्या कावियाएवढी ही उष्णता ड्रायव्हरच्या सीटखाली, तीही मे महिन्यात, जेव्हा जळगावचा पारा ४५ च्या वर जातो! दुसरा प्रकार स्विचिंगचा. तो १२ व्होल्टवर ५ अँपिअर देताना २४ व्होल्टच्या बाजूने साधारण तीनच अँपिअर घेतो आणि कोमट राहतो. त्याची किंमत जास्त असते. हलक्या मालात रेडिओवर खरखर येते, म्हणून घेण्याआधी दुकानातच एफएम लावून पाहावे. आता १२ आणि २४ दोन्हींवर चालणारे डेकही मिळतात. ट्रकवाल्याला तेच दाखवावेत.

गिऱ्हाईक म्हणेल, ‘भाई, समोरचा तर मधूनच वायर देतो, कन्व्हर्टरचे पैसे घेत नाही.’ अशा वेळी आम्ही वरचा हिशोब कागदावर मांडून दाखवतो. दोन बॅटऱ्यांची किंमत एका बाजूला, कन्व्हर्टरची दुसऱ्या बाजूला. ट्रकवाले हिशोबाला पक्के असतात. तरीही कोणी मधूनच वायर मागितली तर काम नाकारावे असे आमचे मत आहे. काही दुकानदार बांधव याच्याशी सहमत नाहीत. गिऱ्हाईक सोडल्यास तो पुढच्या दुकानात तेच करून घेईल, असे ते म्हणतात. ते खरेही आहे. पण बॅटरी बसल्यावर तो ज्याचे नाव घेईल ते नाव आपले नसेल.

हाच आजार आता ई-रिक्षांना लागला आहे. ई-रिक्षेत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, एकूण ४८ व्होल्ट. चालकाला गाणी हवी असतात, म्हणून चारपैकी एका बॅटरीवरून वायर काढली जाते. त्या गरिबाची रोजीच चार बॅटऱ्यांवर असते आणि बहुधा त्या हप्त्यावर घेतलेल्या असतात. ४८ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. तो लावल्याशिवाय ई-रिक्षेत डेक बसवू नये.

‘५० वॅट गुणिले ४’ म्हणजे काय?

डेकच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ५०×४ असे छापलेले असते. गिऱ्हाईक ते वाचूनच आत येतो. आपण त्याला काय सांगतो?

चालू इंजिनमध्ये कारची बॅटरी सुमारे १४.४ व्होल्ट देते. डेकच्या आतली आयसी याहून जास्त व्होल्टेज स्पीकरला देऊ शकत नाही. १४.४ चा वर्ग २०७. स्पीकर ४ ओहमचा असेल तर स्वच्छ आवाजाची शक्ती २०७ भागिले ८, म्हणजे सुमारे २६ वॅट, आणि तीही आयसीत काहीच वाया गेले नाही असे धरून. प्रत्यक्षात स्वच्छ आवाज १८ ते २० वॅटपर्यंतच असतो. मग ५० आले कोठून? आवाज पूर्ण फाटला, लाट चौकोनी झाली, तर २०७ भागिले ४, म्हणजे ५२ होतात. म्हणजे खोक्यावरचे पन्नास हे फाटलेल्या आवाजाचे पन्नास आहेत. ‘पीएमपीओ’ म्हणून जे हजार-दोन हजार वॅट छापतात, त्याला तर कोणतेच ठरलेले माप नाही.

याची खूण डेकच्या पाठीमागेच असते. तेथे १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. खरोखर चार वेळा पन्नास, म्हणजे २०० वॅट सतत बाहेर पडत असते, तर निम्मी शक्ती उष्णतेत जाते हे धरून आत तीस अँपिअर यावे लागले असते. १५ चा फ्यूज ते सहन करील काय? खोक्यावर काहीही छापता येते, फ्यूजला तसे करता येत नाही.

यावर एक बांधव म्हणाले, ‘खोके कंपनीने छापले, आपला काय दोष?’ छापण्यात दोष नाही. पण गिऱ्हाईक विचारतो आणि आपण मान डोलावतो, तेव्हा ते वचन आपले होते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. फसवणूक करणाऱ्याला त्यांनी आपल्यातला मानले नाही. पाऊस विक्रेत्याने पाडला नव्हता, खोकेही आपण छापले नाही. दोन्हीकडे प्रश्न आहे तो वर काय ठेवावयाचे याचा. माप कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. वॅट हेही एक मापच आहे.

गिऱ्हाईकाला सरळ सांगावे, ‘यातून प्रत्येक स्पीकरला वीस वॅटच्या आसपास स्वच्छ आवाज मिळेल, आणि कारला तो पुष्कळ आहे.’ त्याहून मोठा आवाज हवा असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. त्याच्या आत व्होल्टेज वाढवणारी व्यवस्था असते, म्हणून त्याला जाड वायर आणि मोठा फ्यूज लागतो. ‘आरएमएस’ लिहिलेला आकडा तेवढा धरावा.

वायर, फ्यूज आणि आग

आता वायरीकडे येऊ. येथे पैसे वाचवण्याचा मोह सर्वांत मोठा, आणि धोकाही सर्वांत मोठा.

बॅटरी पुढे आणि ॲम्प्लिफायर डिकीत, म्हणजे वायर पाच मीटर. जाण्याची पाच आणि येण्याची पाच धरा. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत दहा मीटरला ०.०७ ओहम विरोध होतो. ३० अँपिअर गेले की २.१ व्होल्ट वायरीतच संपतात आणि ६३ वॅटची उष्णता कार्पेटखाली तयार होते. गिऱ्हाईक तक्रार करतो की बास ‘मारत’ नाही. आपण मोठा ॲम्प्लिफायर सुचवतो. खरी गरज जाड वायरीची असते.

त्यातही बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर भरपूर आली आहे. दिसायला तांबडी, जाड आणि स्वस्त. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. ओळखायची सोपी पद्धत अशी की एक तार ब्लेडने खरवडावी, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. वजनालाही ती हलकी लागते. ही वायर विकूच नये असे आम्ही म्हणत नाही. स्पीकरच्या छोट्या कामाला ती चालते. पण तिला तांबे म्हणून विकू नये आणि बॅटरीच्या मुख्य वायरीसाठी वापरू नये.

मुख्य वायरीला फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. पुष्कळ ठिकाणी फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ लावतात. फ्यूज मुळात ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. मधली पाच मीटर वायर पत्र्याला घासून सोलली गेली तर डिकीतला फ्यूज काय करणार? बॅटरीची सगळी ताकद त्या ठिकाणी उतरते आणि गाडी पेटते. पत्र्याच्या छिद्रातून वायर नेताना रबरी ग्रोमेट बसवावे. ही दोन-चार रुपयांची वस्तू आहे, पण घाईच्या दिवशी नेमकी तीच विसरली जाते. फ्यूज जळाला म्हणून सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणारे महाभाग अजून आहेत. अशा मुलाला दुकानात एक दिवसही ठेवू नये.

शिकाऊ मुलांसाठी वायरींचे रंगही येथे देऊन ठेवतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेकला पिवळी वायर कायम बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायर चालू करण्याची असते. पांढरी व करडी जोडी पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरची, हिरवी व जांभळी मागच्या स्पीकरची. काळी पट्टी असलेली ती निगेटिव्ह. पिवळी आणि लाल एकत्र करून थेट बॅटरीवर देणे ही आळशी कारागिराची खूण आहे. गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ फिरत नाही.

जुन्या उस्तादांकडून आलेली आणखी एक सवय सोडावी लागेल. कॅसेटच्या काळातल्या पुष्कळ डेकमध्ये दोन्ही स्पीकरची एक-एक वायर सरळ बॉडीला जोडत असत. त्या आयसी तशाच बनवलेल्या होत्या. आजच्या आयसीत स्पीकरच्या दोन्ही वायरींत करंट येतो. त्यातली एक बॉडीला लागली की डेक तेथेच जळतो. आणि मग आपण म्हणतो, ‘माल डुप्लिकेट निघाला.’

कॅसेटपासून स्क्रीनपर्यंत

या धंद्याची पाळेमुळे थोडक्यात पाहू. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसेल असा रेडिओ विक्रीला आणला आणि त्याला मोटोरोला नाव दिले. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट काढली. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला आणि संगीत खिशात शिरले. १९८२ मध्ये सीडी आली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने स्वस्त कॅसेट गावोगावी पोहोचवल्या, तेव्हा कोठे ट्रकमध्ये डेक असणे नेहमीचे झाले. त्याच सुमारास खासगी बसगाड्यांना ‘व्हिडिओ कोच’ अशी पाटी लागू लागली. २४ व्होल्टवरून इन्व्हर्टरने २३० करायचे, त्यावर टीव्ही आणि व्हीसीपी चालवायचा, आणि खड्ड्यात कॅसेट अडकली की क्लीनरने ती पेन्सिलीने सोडवायची. त्या इन्व्हर्टरच्या दुरुस्तीवर बऱ्याच घरांच्या चुली पेटल्या.

शेजारच्या मालेगावने तर याच यंत्रांतून एक वेगळीच वाट काढली. व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ ही फिल्म साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर बनवली. पुढे खानदेशी विनोदी फिल्मच्या व्हीसीडी जळगाव-धुळ्याच्या हातगाड्यांवरही विकल्या गेल्या. २०२४ मध्ये त्या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट झाला. यंत्र दुरुस्त करता करता माणूस काय करून बसतो, पाहा!

आता डीव्हीडी प्लेअर दुकानाच्या माळ्यावर धूळ खात आहेत. कारखान्यातूनच स्क्रीन बसवून गाड्या येतात. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइलची गर्दी आहे, डेकची नाही. बसवण्याचे काम करणाऱ्यांच्या मनात भीती आहे आणि ती रास्त आहे. पण काम संपलेले नाही, त्याचे रूप बदलले आहे. जुन्या गाड्यांना स्क्रीन, ट्रकला मागचा कॅमेरा, पुढे घडलेले टिपून ठेवणारा डॅशकॅम, ट्रॅक्टरला धूळ-पाणी सहन करणारा डेक आणि मधूनच जाणाऱ्या कारखान्याच्या स्पीकरची दुरुस्ती, ही सर्व कामे आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. काच बंद असली की आवाज कमी लागतो आणि चांगल्या स्पीकरची पारख होते. आमच्या मते येत्या काळात गाण्यापेक्षा कॅमेऱ्याचे काम अधिक वाढेल. त्यात मानही आहे. मागे लेकरू उभे असताना ट्रक थांबला, तर ते आपल्या हाताचे काम असते.

नव्या गाडीत मात्र हात घालताना सावध राहावे. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये ड्रायव्हरपुढे एअरबॅग असतेच. तिच्या वायरींचे कपलर किंवा वेष्टन पिवळे असते. त्याला टेस्ट लॅम्प लावू नये. इलेक्ट्रिक कारमधील नारिंगी जाड वायर तर प्राणघातक व्होल्टेजची असते, तिच्याजवळूनही काही नेऊ नये. कारखान्याची वायर न कापता तयार कपलर वापरावा. वायर कापली की कंपनी वॉरंटी नाकारते आणि गिऱ्हाईक आपल्या दारी येतो. स्क्रीनवर चालत्या गाडीत चित्रपट दिसावा म्हणून हँडब्रेकची वायर बॉडीला जोडून ‘बायपास’ करण्याची मागणी रोज होते. ती मान्य करू नये. घाटात चालकाची नजर क्षणभर स्क्रीनवर गेली तर काय होईल, हे बिजासनी घाट उतरणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

माल, बिल आणि कायदा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे लाजपतराय मार्केट येथून आपल्याकडे माल येतो. त्यात नामांकित कंपनीचे खोटे स्टिकर लावलेला मालही असतो. ट्रेड मार्क कायदा, १९९९ नुसार असे स्टिकर लावणारा आणि तो माल विकणारा, दोघांनाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डमध्ये पैसे घेऊन गाणी भरून देणेही कॉपीराइट कायद्यात तेवढ्याच शिक्षेचा गुन्हा आहे. ‘सगळेच करतात’ हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही, आणि हिशोबाच्या दिवशीही चालणार नाही. बिनानावाचा साधा माल बिनानावाचा म्हणून विकण्यात काहीच कमीपणा नाही.

ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस इअरफोन, पॉवर बँक यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मालावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहूनच माल भरावा. अँड्रॉइड स्क्रीनच्या बाबतीत सेटिंगमध्ये दिसणाऱ्या मेमरीवर भरवसा ठेवू नये, कारण तेथे खोटा आकडा दाखवण्याची सोय करूनच काही माल येतो. पेन ड्राइव्हही तसेच. खोक्यावर ६४, आत ८. लॉटमधला एक पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावा, मगच पैसे द्यावेत.

बिलाबाबत आपण ढिले आहोत, हे मान्य करावे लागेल. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित प्रथा ठरवली आहे. बिलात मालाची किंमत आणि बसवण्याची मजुरी वेगळी लिहावी. याचा फायदा आपल्यालाच होतो. मजुरी मालाच्या पोटात लपवली की गिऱ्हाईक माल मोबाइलवर मागवतो आणि ‘फक्त बसवून दे’ म्हणून येतो, तेव्हा मजुरी मागताना आपल्याला लाज वाटते. कसब विकायला लाज कसली? वॉरंटी मालाची किती आणि आपल्या कामाची किती, हेही लिहून द्यावे. उधारीचे तर कुरआनच्या सूरह बकरामध्ये इतके सविस्तर मार्गदर्शन आहे की लिहून ठेवण्याविषयी आम्ही वेगळे सांगावयाची गरज नाही. तरीही ट्रकवाल्याची उधारी खिशातल्या चिठ्ठीवर आणि चिठ्ठी धुण्याच्या कपड्यात, हे चित्र आम्ही पाहिलेले आहे.

जकातीविषयी विचारणा वारंवार होते. दुकानातील विक्रीच्या मालावर वर्ष पूर्ण झाल्यावर चाळिसावा भाग निघतो. किंमत धरायची ती आजच्या बाजाराची, खरेदीची नव्हे. माळ्यावरचे डीव्हीडी प्लेअर चार हजाराला घेतले असतील, आज दोनशेला जात असतील तर दोनशे धरा. सोल्डरिंगचे यंत्र, मल्टिमीटर, पाने-पक्कड ही अवजारे त्यात येत नाहीत. आपल्या परिस्थितीचा नेमका हिशोब मुफ्ती साहेबांकडून करून घ्यावा.

संगीताची यंत्रे विकावीत काय, असाही प्रश्न काही बांधव मनापासून विचारतात. संगीताविषयी उलेमांची मते आम्ही येथे मांडणार नाही, तो अधिकार आमचा नाही. हीच यंत्रे तिलावत, बातम्या, रस्ता दाखवणे आणि कॅमेरा यांसाठीही चालतात, एवढे निदर्शनास आणतो. ज्याच्या मनाला खटकते त्याने जाणकारांना विचारून निर्णय घ्यावा. काही कारागिरांनी डेकचे काम सोडून फक्त कॅमेरे, सेन्सर आणि वायरिंग धरले आहे आणि त्यांचे बरे चालले आहे. मिरवणुकीच्या गाड्यांना भिंतीएवढे स्पीकर बांधून देणाऱ्यांनी मात्र २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाचावेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद असतो. गाडी जप्त झाली की बांधून देणाऱ्याचेही राहिलेले पैसे अडकतात.

त्या ट्रकमालकाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. वायर जोडणाऱ्या कारागिराला त्यांनी शोधून काढले. भांडण होईल असे वाटले होते. कारागिराने चूक कबूल केली, स्विचिंग कन्व्हर्टर मजुरी न घेता बसवून दिला आणि नव्या बॅटरीच्या किमतीत आपला वाटा दोन हप्त्यांत देण्याचे ठरवले. पहिला हप्ता त्याने दिला आहे. त्याने आम्हाला सांगितले की गेल्या सहा-सात वर्षांत अशा किती गाड्यांना मधून वायर दिली याची त्याच्याकडे नोंद नाही. आठवतील तेवढ्या ड्रायव्हरांना तो आता फोन करीत आहे.